क्रमांक तीन, चादरीखाली

दि. ३ जून

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. आत निघालेल्या वस्तू अशा: एका बाजूनं कोरे कागद एकशे चाळीस, टाचण्यांची डबी एक (गंज नाही), लाल फितीची रिळं दोन, मला लोकरीचे मोजे, ह्यांना मफलर. टपालाचे बेचाळीस तुम्ही भरलेत, वजन जास्त म्हणून पोस्टमननं इथं आणखी सहा घेतले. ते सहा मी मफलरच्या नावे टाकले, कारण कागद काही ओले नव्हते. ह्यांना मफलर फार आवडला. एवढ्या उकाड्यात गळ्यात घालून बसलेत. बहिणीची माया घाम काढते म्हणतात ते खोटं नाही.

आता कामाचं. प्रार्थनामंदिरामागची खोली तुम्हाला ठाऊक आहेच. सासूबाई गेल्यावर त्यांची चाकांची खुर्ची घरात बघवेना, म्हणून आपणच ती तिथं नेऊन ठेवली, ज्याला लागेल त्यानं न्यावी म्हणून. तीच क्रमांक एक. बारा वर्षांत कुबड्या, वॉकर, पाण्याची गादी, शौचाची खुर्ची असं करत अकरा वस्तू झाल्या. ह्यांनी प्रत्येकीच्या पायावर लाल रंगानं आकडा घातलाय. वहीत वस्तू गेली-आली एवढंच लिहायचं, नेणाऱ्याचं नाव नाही, हा आमच्या प्रार्थना मंडळाचा नियम. आजारी माणसाला आधीच कमी लाज वाटत नाही.

तर मंदिराच्या व्यवस्थापकांनी आम्हाला चिठ्ठी दिली की जुलैअखेर खोली रिकामी करा, तिथं लग्नकार्याला भाड्यानं द्यायच्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. विश्वस्तांकडे गेलो. ते म्हणाले, तुमच्या कामाला सरकारी अनुदानाचा कागद आणलात तर खोली तुमची, नाहीतर खुर्च्यांची. व्यवस्थापक हसले. वन्सं, देवाच्या दारात उभं राहून सांगते, ते हसणं मला दोन दिवस जेवणात खड्यासारखं लागत होतं. मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही, कागद तुमचा आहे. खोली गेली तर वस्तू मंडळाच्या आम्हा नऊ बायकांच्या पलंगांखाली जातील, आणि पलंगाखालची वस्तू गरजेच्या वेळी कुणाला सापडलीय? सासूबाईंची खुर्ची तर माझ्या पलंगाखाली मावायचीसुद्धा नाही.

मग ग्रंथालयात गेले. ग्रंथपालबाईंनी सरकारचं एक संकेतस्थळ काढून दिलं. सेवाभावी आणि धार्मिक संस्थांनी अनुदान कसं मागावं याचे तिथं सात धडे आहेत, नमुन्याचा अर्ज आहे, काय काय जोडायचं त्याची यादी आहे, आणि सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर मी सातही धडे केले. शेवटी माझ्या नावाचं प्रमाणपत्र निघालं. मॅट्रिकनंतरचं हे पहिलंच. छापायला तीन पडले असते म्हणून ह्यांनाच तिथं बोलावून पडद्यावर दाखवलं. मफलर घालून आले होते.

अडचण एकच. पंधरा मिनिटं काही लिहिलं नाही तर अर्जाचं पान आपोआप बंद होतं. माझी सवय अशी की सरकारी कागदावर चुकूनही खोटं उतरू नये म्हणून आधी डोळे मिटून देवाची आठवण करायची. तीनदा डोळे उघडले, तीनदा अर्ज गायब. शेवटी ग्रंथपालबाईंनी तोड काढली की प्रार्थना चालू असताना अंगठ्यानं मधूनमधून एखादं बटण दाबत राहावं. आता तसं जमतंय. देवानंही काही हरकत घेतलेली दिसत नाही.

तुम्ही सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं बसलात. अर्ज वाचणाऱ्याला काय रुचतं, काय खुपतं, सगळं कळवावं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा पत्रच बरं. लोभाची शिल्लक आहे तशी पुढच्या पानावर ओढावी.

तुमची,
धाकटी

*

दि. ९ जून

चि. सौ. खजिनदारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मफलरच्या नावे सहा टाकलेस हे वाचून बरं वाटलं. मी मेले की माझ्या हाराच्या नावेही किती टाकायचे ते आत्ताच ठरवून ठेव.

अर्जाचं सांगते. तो पडद्यावर भरलास तरी वाचणारा माणूसच असतो, आणि माणूस तो दुपारी तीन वाजता वाचतो, जेव्हा जेवण अंगावर आलेलं असतं. तेव्हा वाक्यं आखूड. पहिल्या पानावर देवाचं नाव नको. देवावर राग नाही त्यांचा, पण देवाला शेरा मारता येत नाही. मागणी गोल आकड्यात नको, गोल आकडा दिसला की अंदाजपंचे वाटतं. आणि यादीतला एकही कागद कमी पडू देऊ नकोस. एकतीस वर्षांत मी पाहिलंय, चांगल्या कामाचे अर्ज वाईट कामापेक्षा जास्त परत जातात, कारण चांगली माणसं म्हणतात, एवढं काय त्यात, ते समजून घेतील. कचेरी समजून घेत नसते. ती जोडून घेते.

तू काम कसं मांडलंस ते लिही. भाऊ मफलर काढत नसेल तर काढू नकोस म्हणावं, उन्हाळ्यात घातलेला मफलर हिवाळ्यात चोरीला जात नाही.

त्या व्यवस्थापकाचं तोंड मला आठवतं. आई आजारी असताना मंदिराच्या पायरीवर खुर्चीसाठी उतार करून द्या म्हटलं, तर पायरीला तडा जाईल म्हणाला होता. खोली आईच्या खुर्चीची आहे. ती सोडायची नाही. एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

हे पत्र दूधवाल्याहाती पेटीत टाकतेय. त्याला जाता जाता पडतं. लोभ आहे, किती ते तू मोज.

तुझी,
वन्सं

*

दि. १७ जून

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. टपालहशील पुरेसं होतं. दूधवाल्याला माझे आभार, पण त्याच्या हाताला पाणी असतं हे त्याला सांगावं, पाकिटावरचं आमचं आडनाव निम्मं पुसलं होतं.

अर्ज गेला! पोचेचा क्रमांकही आला, तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून वर चौकट केलीय. आता कसा गेला ते ऐका.

पाचव्या धड्यात लिहिलंय की सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेनं कुणालाही प्रार्थनेला बसायची सक्ती करू नये. आम्ही कुठली सक्ती करतो, असं मी म्हणणार तोच लक्षात आलं, की खोलीची किल्ली आमच्या अध्यक्षबाईंच्या गळ्यात, आणि अध्यक्षबाई प्रार्थनेत. म्हणजे कुणाला कुबड्या हव्या असल्या तर मोडका पाय घेऊन तासभर तिष्ठायचं! बारा वर्षं आम्ही समजत होतो की लोकांना आमची प्रार्थना आवडते. अध्यक्षबाई आधी चिडल्या, सरकारला किल्लीचं काय करायचंय म्हणाल्या, मग दोन दिवसांनी स्वतःच किल्ली गळ्यातून काढून दारापाशी खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून मागची रांग बरीच मोकळी असते.

मग फोटो. यादीत स्पष्ट लिहिलंय, लाभार्थ्यांची छायाचित्रं जोडा. आजाऱ्यांचे फोटो आम्ही काढणार नाही. तेव्हा आम्हीच आजारी झालो. अध्यक्षबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या, कोशाध्यक्ष म्हणून मी कुबड्या घेतल्या, मंडळातल्या शिवणकामवालीच्या पायाला बँडेज बांधलं. बँडेज म्हणजे माझ्या जुन्या साडीची पट्टी, नंतर सोडून घडी घालून ठेवली. अध्यक्षबाईंनी तर चेहरा असा पाडला की फोटो काढणाऱ्या ग्रंथपालबाई पाणी घेऊन धावल्या. पण सरकारी कागदावर खोटं कसं पाठवू? म्हणून प्रत्येक फोटोखाली मी लिहिलं, “ही बाई आजारी नाही. ही अध्यक्ष आहे. खऱ्या रुग्णाचा फोटो काढणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.” माझ्या फोटोखाली, “हिचेही दोन्ही पाय शाबूत आहेत.”

एक प्रश्न मात्र अवघड होता. तुमच्या कामाचा परिणाम तुम्ही कसा मोजता, दोनशे शब्दांत लिहा. मी लिहिलं ते असं: “सामान परत येते, त्यावरून. कधी माणूस स्वतः चालत घेऊन येतो. कधी घरचे आणतात. दोन्ही वेळा आम्ही ते धुऊन जागेवर ठेवतो.” बाकीचे शब्द उरले. उरलेले परत करायची सोय त्या पानावर नव्हती.

तपासणीला कुणीतरी येणार आहे, एक जुलैला, सकाळी साडेदहाला. तुम्ही यावंत असं फार वाटतं. तुमच्यासारखं सरकारी बोलणारं आमच्यात कुणी नाही.

आणखी एक. किल्ली खिळ्यावर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी क्रमांक तीन, शौचाची खुर्ची, खोलीतून नाहीशी झाली. वहीत नोंद नाही. मी काळजीत पडले. मग एका ठिकाणी विजेच्या बिलाची पावती द्यायला गेले, तर पडद्याखालून लाल आकड्याचा एक पाय दिसला. मी पावती दिली, पाणी प्यायले, परत आले. वहीत लिहिलं, क्रमांक तीन गेला. कुठं गेला ते नियमाप्रमाणे तुम्हालाही सांगत नाही.

बाकी सर्व ठीक. व्यवस्थापकांच्या आईंना बरं नाही म्हणतात. देव त्यांना उतार देवो. लोभाची शिल्लक तपासून घ्यावी, माझ्या बाजूनं चूक नाही.

तुमची,
धाकटी

*

दि. २२ जून

चि. सौ. खजिनदारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

अगं, मी एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं उघडली आहेत. पहिल्या पत्रात ज्या माणसाचं हसू तुला खड्यासारखं लागत होतं, दुसऱ्या पत्रात त्याच्याच आईसाठी देवाला साकडं! क्रमांक तीन कुठं आहे ते मला त्या शेवटच्या परिच्छेदातच कळलं. मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

आता माझं ऐक. ही देवानं हातात दिलेली काठी आहे. विश्वस्तांच्या बैठकीत उभी राहा आणि विचार, की ज्या खोलीतून व्यवस्थापक स्वतःच्या आईसाठी न विचारता सामान नेतात, तीच खोली ते रिकामी कशी करायला सांगतात? दोन वाक्यं. अनुदान येवो न येवो, खोली तुझी. नियम नियम करत बसलीस तर आईची खुर्ची रस्त्यावर येईल आणि तुझा नियम तिच्यावर बसून राहील.

तपासणीला मला येता येणार नाही. ऊन फार आहे. आणि तसं आमच्या तिसऱ्या मजल्यावरून गल्ली किती छान दिसते हे मला या महिन्यातच कळलं, ती सोडून कुठं येऊ? भाजी दोरीला टोपली बांधून वर ओढते. तुला आवडेल, चपलांची झीज शून्य.

तुझ्या त्या उत्तराबद्दल. उरलेले शब्द परत करू नकोस. मी ते वाचून चष्मा पुसला. आईच्या वेळी घरचेच गेले होते ना खुर्ची घेऊन, तूच.

ताबडतोब बैठक गाठ. लोभ आहे, पण ऐकलं नाहीस तर व्याज लावीन.

तुझी,
वन्सं

*

दि. २ जुलै

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं नाही. व्याज लावावं.

बैठकीला गेले होते. उठूनही उभी राहिले. व्यवस्थापक समोरच बसले होते, डोळ्यांखाली काळं, रात्रंदिवस आईजवळ बसणाऱ्या माणसाचं असतं तसं. तुमची दोन्ही वाक्यं मला पाठ होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की पंखा थोडा हळू करा. खाली बसले. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच तोंडचं काहीतरी गिळलं होतं. त्याचं कारण मला काल कळलं.

मग मी घरी येऊन माझ्या अकलेप्रमाणे एक सूचना लिहिली आणि मंदिराच्या फळ्यावर लावली. तिची नक्कल अशी: “दि. एक जुलैला सरकारी तपासणी आहे. खोलीतील सर्व सामान एक तासासाठी परत आणावे ही विनंती. कुणासही काही विचारले जाणार नाही. विशेषतः क्रमांक तीन. रस्त्यात संकोच वाटल्यास वर चादर टाकावी.” तुमच्याच कोऱ्या कागदावर लिहिली, टाचण्याही तुमच्याच. नियम मोडला नाही, वन्सं, थोडा वाकवला असेल.

काल साडेदहाला तपासणीबाई आल्या. तरुण, चापून बसवलेली वेणी, हातात फाईल. खोली उघडली. आत एकही वस्तू नाही. भिंतीवर खडूचे अकरा आकडे, खाली अकरा रिकाम्या जागा, आणि मी सकाळी पुसलेली फरशी. सगळंच्या सगळं लोकांच्या घरी गेलेलं होतं! त्यांनी विचारलं, सामान कुठंय. मी म्हटलं, कामावर गेलंय. त्यांनी फाईल उघडून लिहिलं, “प्रत्यक्ष साठा: शून्य.” व्यवस्थापक कुठं दिसत नव्हते. पाऊण तास गेला. अध्यक्षबाई डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, संपलं. सासूबाईंच्या खुर्चीची जागा मी पदरानं उगाच परत पुसली.

सव्वाअकराला गल्लीत चाकं करकरली. क्रमांक एक आला. पण एकटा नव्हे, निवृत्त चित्रकला-मास्तरांना घेऊन. मास्तर तपासणीबाईंना म्हणाले, खुर्ची परत आणा असं लिहिलंय, पण ती आली तर मी कशावर बसू, म्हणून मीही आलो. त्यांच्यामागून कुबड्या आल्या, टेम्पोवाल्यासकट. मग दोन वॉकर, मग काठी, मग पुन्हा कुबड्या, सगळे आपापली माणसं घेऊन. पाण्याची गादी मात्र आली नाही. तिच्याऐवजी एका मुलीनं चिठ्ठी आणली, की गादीवर आजी आहे, गादी हवी तर येऊन पाहावी, चहा ठेवलाय. जे नाव आम्ही बारा वर्षं लिहिलं नाही ते प्रत्येकानं आपणहून सांगितलं, पत्त्यासकट, दुखण्यासकट, आणि मास्तरांनी तर ऑपरेशनच्या टाक्यांसकट. तपासणीबाईंचं पेन पुरेना. साठा शून्यवर त्यांनी आडवी रेघ मारली.

गादीची चिठ्ठी धरून दहा आकडे लागले. तिसरी जागा रिकामी. तेवढ्यात मंदिराच्या पुढच्या दारातून, मागच्या नव्हे बरं का, व्यवस्थापक आले. डोक्यावर काहीतरी चौकोनी, वर फुलाफुलांची चादर. सगळ्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली. त्यांनी ते तिसऱ्या आकड्याखाली ठेवलं, चादर काढली, घडी घातली आणि तपासणीबाईंना सांगितलं, की ही माझ्या आईसाठी आहे, मी न विचारता नेली, आणि तासाभरात मला परत हवी आहे, कारण ती वाट बघतेय. मग माझ्याकडे वळून विचारलं, की तुम्हाला कधीपासून माहीत होतं. मी काही बोलायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून. शिवणकामवाली म्हणाली, मलाही. वन्सं, नऊच्या नऊ बायकांना ठाऊक होतं! प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीलाच. ज्यांच्या पोटात उसन्या वाटीभर साखरेची गोष्ट राहत नाही, त्या तीन आठवडे गप्प होत्या.

व्यवस्थापकांनी खुर्ची उचलली, चादर न टाकता, आणि जाताना सांगितलं की विश्वस्तांना ते स्वतः भेटतील, भाड्याच्या खुर्च्या गच्चीवर राहतील. तपासणीबाईंनी निघताना फाईलमधून आमचे फोटो काढून दाखवले आणि विचारलं, खालचं कुणी लिहिलं. मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, कचेरीत सगळ्यांनी वाचलं, दुपारी तीन वाजता.

तुमचं तीन वाजताचं खरं ठरलं. लोभ वहीत धरलाय, खोडता येणार नाही.

तुमची,
धाकटी

*

दि. १० जुलै

चि. सौ. खजिनदारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

हरले. व्याज माफ. मुद्दलात वाढ.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. दूधवाल्यालाही वाचून दाखवलं, तो फुलाफुलांच्या चादरीच्या ओळीपाशी पायरीवर बसून हसला. मी असते तर बैठकीत ती दोन वाक्यं बोलले असते, खोली मिळवली असती, आणि मग लाजेपोटी आईची खुर्ची पुन्हा कुणी नेलीच नसती. हे मला तुझ्या पत्रानं नाही, मास्तरांच्या टाक्यांनी शिकवलं.

मला यायचं होतं गं. पण ऊन. आणि जिना आमचा हल्ली वाढलाय असं वाटतं, कुणीतरी पायऱ्या घातल्यात. ते असो. अनुदानाचं काय झालं ते कळव. लोभ आहे.

तुझी,
वन्सं

*

दि. २६ जुलै

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

अनुदान मंजूर! आधी अर्ज परत आला होता, त्रुटी म्हणून. त्रुटी अशी, की आम्ही मागितलेली रक्कम त्या योजनेच्या किमान रकमेपेक्षा कमी आहे, वाढवून मागावी. वन्सं, मला रात्रभर झोप नाही. जन्मात कुणी मला जास्त मागा म्हटलं नव्हतं. शेवटी देवाची क्षमा मागून, अंगठ्यानं बटण दाबत दाबत, सहा नव्या वस्तू वाढवल्या. ह्यांनी आकडे रंगवायला घेतलेत, सतरापर्यंत. मफलरला लाल रंग लागला. विश्वस्तांनी खोलीचा कागद दिला आहे. क्रमांक एक मास्तरांकडे आहे, चाकाला ह्यांनी तेल घातलं.

आज ट्रान्सपोर्टनं एक गोणपाटी गठ्ठा पाठवला आहे. हशील इथंच भरलं, तिथं कुणी मागितल्यास देऊ नये. आत क्रमांक बारा, वॉकर, नवा, उंची कमी-जास्त होणारा. कुणासाठी ते वहीत लिहिलेलं नाही. तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणाला तरी लागेल असं दोन महिन्यांची पाकिटं पाहून मला आपलं वाटलं, दूधवाल्याचा ओला अंगठा प्रत्येकावर आहे. ती व्यक्ती दोन मजले उतरून खालच्या एखाद्या खोलीत राहायला गेली तर जिनाही पूर्वीएवढा होईल. आणि इथंच आली तर खोली मंदिरामागं आहे, पायरीला आता उतार केलाय. व्यवस्थापकांनी स्वतः उभं राहून करून घेतला, तडा गेला नाही.

वॉकरवर संकोचापुरती एक चादर गुंडाळली आहे. ती माझी चांगल्यातली आहे, धुऊन परत पाठवावी.

आम्ही परिणाम कसा मोजतो ते तुम्ही वाचलंच आहे. लोभ तर तुमच्या-माझ्यात कधीच फिटायचा नाही, तो तसाच थकीत राहू द्यावा. वॉकर पोचला का, चारही रबरं शाबूत आहेत का, आणि पाकीट पेटीत दूधवाल्यानं टाकलं की दुसऱ्या कुणी स्वतः चालत जाऊन, एवढं तीन ओळींत उलट टपाली कळवावं.

तुमची,
धाकटी